किरकोळ दुरुस्ती

फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या ओस्सी आणि वेन्ला या नवराबायकोने सुरू केलेल्या सॉफ्टवेअरवर जगभरातली माणसं हौसेने काम करायची. नियम ओस्सीचा होता: प्रत्येक बदलाखाली कारण लिहायचं, ते सगळ्यांना दिसणार आणि कुणालाच पुसता येणार नाही.

आज वेन्लाने नुसतं ‘किरकोळ दुरुस्ती’ लिहिलं.

“कारण काय तुझा बाप लिहिणार?” म्हणत ओस्सीने कॉफीची किटली तिच्या तोंडावर हाणली आणि केस धरून तिला पुन्हा खुर्चीत आदळलं. “लिही आता! सविस्तर!”

तोंडातलं रक्त गिळत वेन्लाने लिहिलं.



“बदल: ओस्सीचे सगळे अधिकार काढले. कारण: आत्ताच त्याने माझा दात पाडला. हिवाळ्यात माझी बरगडीही बर्फावर घसरून मोडली नव्हती.”