पाखऱ्या लाइव्ह

“आई, राउटर अजून वर ठेव,” किशोर मुरबाडवरनं फोनवर म्हणाला.

कणगीवर ठेवून झाला होता. आता हिराबाईनं खाटेवर पाट ठेवला, पाटावर चढली आणि राउटर माळ्यावर सारला. वायर पुरेना, म्हणून शेजारीण लहानी एक्स्टेन्शन बोर्ड डोक्यावर धरून उभी राहिली.

“ठेवला रे. लहाने, टीव्हीवर काय दिसतंय?”

“तेच गो. गोल गोल फिरतंय.”

घरात आठ-दहा बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. आज मुरबाडच्या माळावर पाखऱ्याची पहिली शर्यत. दोनच गाडे, समोरासमोर. ती टीव्हीवर लाइव्ह दिसणार होती.

पाखऱ्या दोन दिवसांचा असताना त्याची गाय साप चावून मेली. हिराबाईनं वासराला चुलीपाशी गोणपाटावर निजवलं आणि बाटलीनं दूध पाजून जगवलं. आठ महिन्यांपूर्वी तिचा नवरा, कान्हा वेखंडे, त्याला सरावाला मुरबाडला घेऊन गेला. तिकडं माळ सपाट, इकडं शहापूरच्या बाजूला सगळा दगडधोंडा. कान्हा आठवड्यातले चार दिवस तिकडंच असायचा. किशोर पण जाऊन-येऊन असायचा. हिराबाईनं मात्र आठ महिन्यांत बैलाचं तोंड पाहिलं नव्हतं.

“मी पण येते शर्यतीला,” ती परवा म्हणाली होती.

“बायांचं काम हाय का ते?” कान्हा म्हणाला. “घरात बसून टीव्हीवर बघ की आरामात.”

आणि काल रात्रीपर्यंत धडधाकट चालणारं नेट आज सकाळी किशोर बाइकला किक मारून गेला तेव्हापासून बंद.

पण पोरगा गुणी. एवढ्या गर्दीतून दर दहा मिनिटांनी फोन करत होता. आधी त्यानं पासवर्ड सांगितला. चुकला. परत सांगितला, त्यात एक आकडा वाढला होता. तो पण चुकला. मग त्यानं सांगितलेलं बटण दाबलं, तर टीव्ही पुसून कोरा झाला आणि पडद्यावर सगळ्या जगातल्या देशांची यादी आली. लहानीनं डोक्यावर बोर्ड, हातात रिमोट अशा अवस्थेत कुठल्या तरी देशावर बोट दाबलं. टीव्हीतून एक बाई परक्या भाषेत बोलायला लागली. बटण दाबलं की ती ठणकावून काहीतरी सांगायची.

“ही कोण गो भवानी?”

“कोण का असंना. आधी हिला भारतात आण!”

तेवढ्यात सारिका आली. शेजारची सून, आसनगावच्या कंपनीत कामाला, आज सुट्टी होती. तिनं त्या बाईला दोन बटणांत गप्प केलं.

“काकू, सरका. माझ्या मोबाइलचं नेट देते टीव्हीला. मिनिटभराचं काम हाय.”

“कोण, सारिकावयनी?” किशोर फोनवर केवढ्यांदा ओरडला. “तिला हात लावू देऊ नको! दुसऱ्याच्या नेटनं टीव्ही जळतो.”

“जळतो?” हिराबाई घाबरली. “सारिका, राहू दे गो.”

“काय पण सांगतो तो!”

“मी करतो ना आई. राउटरच्या मागं बारीक भोक हाय, त्यात टाचणी घाल आणि दाबून धर. सोडू नको.”

हिराबाई पुन्हा पाटावर चढली. स्पीकर लावलेला फोन पायाशी पाटावर ठेवला आणि टाचणी घालून दोन्ही हात वर करून उभी राहिली. खांदे भरून आले.

“बघा,” ती बायांना म्हणाली. “शर्यत सोडून आईचा टीव्ही लावतोय. कोणाचा पोरगा करतो एवढं?”

फोनमधून एकदम कल्ला ऐकू आला. “आई, गाडे सुटले! थांब जरा!” किशोरनं फोन खिशात टाकला. बंद करायचं त्याच्या ध्यानात राहिलं नाय. पाटावरच्या फोनमधून ढोल, शिट्ट्या, आणि मग शेकडो माणसांची आरोळी आली, “पाखऱ्या! पाखऱ्या जिंकला!”

लहानीनं आनंदानं दोन्ही हात वर केले. बोर्ड खाली पडला, राउटर विझला, आणि हिराबाई पाटासकट खाटेवर बसली.

“आता जळला तर जळला,” सारिका म्हणाली आणि तिनं मोबाइलचं नेट टीव्हीला जोडलं.

टीव्ही जळला नाय. माळ दिसला, धूळ दिसली, आणि गुलालानं माखलेला पाखऱ्या दिसला.

“अगो, केवढा झाला!” हिराबाईनं पडद्यावर त्याच्या कपाळाला हात लावला. “किशोर, दिसतंय रे! किशोर!”

खिशातल्या फोनला कुठलं ऐकू जातंय. उलट त्यातूनच किशोरचा आवाज आला, माइकवर घुमणारा. “दोन दिवसांचा असताना याची गाय मेली. आईनं बाटलीनं पाजला याला. आज पाखऱ्या हाय तो आईमुळं!”

बायांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की पुढचं काही ऐकूच आलं नाय.

“हिरे, माइकवर बोलला गो तुझ्याबद्दल!” लहानी म्हणाली.

“लाज नाय मेल्याला,” हिराबाई हसत म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

“टीव्हीवर मागनं येतं काकू, अर्ध्या मिनिटानं,” सारिका म्हणाली. “थांबा, आता दिसंल.”

सगळ्या टीव्हीकडं सरकल्या. हिराबाईनं पदर सारखा केला.

पडद्यावर किशोर आला. डोक्याला फेटा, हातात माइक. “आईनं बाटलीनं पाजला याला,” तो म्हणाला, आणि शेजारी उभ्या असलेल्या, हिरव्या शालूतल्या एका बाईला त्यानं दंडाला धरून पुढं आणलं. कान्हानं तिच्या खांद्यावर शाल घातली.

“आपल्या मुरबाडच्या,” निवेदक ओरडला, “सौ. संजीवनी कान्हा वेखंडे!”