डाल्यावरचा दगड

थंडी वाढली तशी मी कोंबड्या मागच्या छपरीत घेतल्या. संध्याकाळी त्यांच्यावर बांबूचं डालं पालथं घालायचं, वर पोतं टाकायचं आणि मांजरानं डालं उलथू नये म्हणून एक वाटोळा दगड ठेवायचा.

एका सकाळी दगड वर नव्हता. डालं उचललं, तर तांबडी कोंबडी तोच दगड पोटाखाली घेऊन बसली होती. पोतं मात्र जसंच्या तसं.

मी शेजारच्या शकुनला धारेवर धरलं. तिचा माझ्या कोंबड्यांवर आधीपासूनच डोळा.

"मी काहून ठेवू तुह्या डाल्यात गोटा?" ती फणकारली.

दगडावर चुन्याची रेघ ओढून मी तो पुन्हा वर ठेवला. सकाळी रेघेसकट आत, आणि गरम. तांबडी त्यावरून उठेना. शेवटी राहू दिला, पण मनातल्या मनात उबवणीचे दिवस मोजत राहिले.

आज दगड पुन्हा वर होता. रेघेवर तडकलेला, आणि उचलला तर टरफलासारखा हलका.

"आज एकविसावा दिवस ना वो?" शकुन कुंपणापलीकडून म्हणाली.

मी मोजतेय, हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं.

डाल्याखाली एकही कोंबडी कुरकुरत नव्हती. मी दोन्ही हातांनी डालं दाबून धरलं. ते आतून हळूहळू वर येत होतं.