कप्तान वाचला कसा

"आज मी येत नाही," शिंपी म्हणाला. "गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांग."

ऑपरेटर दारातच थबकला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला चार तास. दोन वर्षं तोच शिंप्याला धरून नेत होता, धरून आणत होता. सिनेमाचं थिएटर बंद होऊन जमाना झाला तरी लोक त्याला ऑपरेटरच म्हणत. आता त्याचेही गुडघे बोलायला लागले होते.

"का रे बाबा?"

"कापड विरलंय. रफू करायला सुई टोचावी, तर टोचेल तिथे नवं भोक."

"आणि दुसऱ्या भागाचं काय? मंगळवारी कप्तानाला बर्फाच्या गुहेत सोडलायस."

"राहू दे तिथेच. आगीतून आलेला माणूस, जरा गार वाटेल बिचाऱ्याला."

ऑपरेटर हसला, पण गाडीवाल्याला फोन केला नाही. आजवर हेच औषध लागू पडत होतं. पुढचं गाडीत सांग म्हटलं, की शिंपी कुरकुरत का होईना, उठायचा.

चाळीस वर्षं हे चाललं होतं. थिएटर पाडून तिथे दुकानं झाली, पण या दोघांचा दुसरा भाग काही संपत नव्हता. सिनेमा अंतराळातला. कप्तान सोबत्यांना वाचवायला यानाच्या भट्टीत शिरतो आणि जळून खाक होतो. पुढच्याच रिळात तो नळाखाली हात धूत, शीळ घालत उभा. आणि शेवटी सोबती घरी पोचतात, तेव्हा त्यांच्यात कप्तान नाही. मग तो वाचला कसा आणि गेला कुठे?

शिंप्याने याची साठ-सत्तर उत्तरं काढली होती. जुळा भाऊ, उलटं चालणारं घड्याळ, माणूस दुमडून ठेवायची पेटी. त्याचा पूर्वरंगच तासभर चालायचा. ऑपरेटर शेवटी एखादी शंका काढी. "भट्टीत जाताना हातमोजे होते, मग हात धुताना कुठे गेले?" की शिंपी आठवडाभर त्याच विचारात.

"देव तारी त्याला कोण मारी," असं म्हणून तो एकदा सुटू पाहत होता. ऑपरेटरने ते चालू दिलं नाही.

खरं उत्तर ऑपरेटरला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कप्तान वाचलाच नव्हता.

तेव्हा ऑपरेटरची बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. बारा वर्षांत कधी न चुकलेल्या हातांनी संध्याकाळच्या खेळाला सहाव्याच्या आधी सातवं रीळ चढवलं. खाली पंधरा-वीस माणसं. कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. अंतराळात काहीही होत असेल, असं समजून बसून राहिली. खेळ सुटल्यावर मात्र एक माणूस जिना चढून यंत्राच्या खोलीत आला. नाक्यावरच्या औषधाच्या दुकानाला लागून ज्याचं दुकान होतं, तो शिंपी.

"मेलेला माणूस परत आला कसा हो?"

मालकाच्या कानावर गेलं तर नोकरी जायची. "ते दुसऱ्या भागात कळेल," ऑपरेटरने ठोकून दिलं.

"मग उद्या येतो. मला काय वाटतं ते सांगतो." निघताना शिंप्याने टेबलावरची, ऑपरेटरने त्याच दिवशी नाक्यावरून आणलेली झोपेच्या गोळ्यांची भरलेली बाटली उचलली. "रुंद तोंडाची आहे. मला द्या, बटणं ठेवायला होईल."

ऑपरेटरला नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. गोळ्यांसकट देऊन टाकली. काय चमत्कारिक माणूस, एवढंच त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी शिंपी खरंच आला. तिसऱ्याही.

"काका, बरं झालं तुम्ही आलात." दारात उभ्या ऑपरेटरला पाहून शिंप्याची मुलगी आतून आली. हातात एक डिस्क होती. "बाबांसाठी शोधून काढली. तुमचाच सिनेमा. हा बघून तरी उठतील."

ऑपरेटरने घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता नको गं. गाडी येईल."

"लाव," शिंपी म्हणाला. "तेवढाच भाग लाव. चाळीस वर्षांचा निकाल लागू दे एकदाचा."

पडद्यावर कप्तानाने नळाखाली हात धुतले. शीळ घालत पुसले. हातमोजे चढवले. मग भट्टीकडे गेला. दार बंद झालं आणि काचेमागे सगळं पिवळं झालं. त्यानंतर सोबती घरी पोचले.

"अगं बाई, हा तर मेला," मुलगी हळूच म्हणाली आणि दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली.

ऑपरेटर खुर्चीत बसला. बोलताना त्याने मान वर केली नाही. "रिळं माझ्या हातून उलटी लागली होती. दुसरा भाग कधी नव्हताच. मी तुला चाळीस वर्षं फसवत आलो."

आता हा उठायचा नाही, हे त्याला कळून चुकलं होतं.

शिंपी पायाने चपला चाचपत होता. "हात दे. तुझं तोंड बघून वाटतंय, अजून दोन-चार भाग काढावे लागणार."

"रागावला नाहीस?"

"कशाला? त्या दिवशी दुपारचा खेळही मी पाहिला होता. तेव्हा रिळं बरोबर होती."

ऑपरेटरचा पुढे केलेला हात तसाच राहिला. "मग संध्याकाळी जिना चढून मला विचारायला कशाला आलास?"

शिंप्याने शिवणयंत्राशेजारच्या रुंद तोंडाच्या बाटलीकडे पाहिलं.

"बटणांना बाटली हवी होती," तो म्हणाला.