शेवटची हलकी बातमी

मोठ्या चर्चेच्या कार्यक्रमाची खुर्ची आता निवेदकाच्या हाताशी आली होती. चौकाचौकात फलकावर चेहरा, दाराशी चॅनेलची गाडी, सासुरवाडीत वट. त्यासाठी दुपारचं बातमीपत्र हसतखेळत संपवलं की झालं.

शेवटच्या बातमीनं प्रेक्षकांना हसवून सोडायचं, ही तिथली रीत. आज त्या जागी एक शिंपी होता. बायकोनं मारून त्याचा हात मोडला होता आणि तो तक्रार द्यायला गेला, तर पोलीस चौकीतच खसखस पिकली होती.

"तूही जरा खट्याळ हास रे बाबा," संपादकबाई म्हणाल्या. "मागे लाटण्याचं चित्र टाकलंय."

"हात मोडलाय त्याचा, बाई. शिंप्याचा हात."

"मग? प्लॅस्टरमधला फोटो तर आणखी झकास दिसतोय. बाई असती तर पहिली बातमी केली असती. पुरुषाचं रडगाणं कोण ऐकतंय?"

लाल दिवा लागला. त्यानं बातमी शब्दन् शब्द वाचली, पण ओठांवर हसू काही आणलं नाही. "अरे, हास की," बाई कानातल्या यंत्रातून कुजबुजल्या.

त्यानं कागद बाजूला सारला, ओल्या रुमालानं डोळ्याखालचा मेकअप पुसला आणि काळानिळा गाल कॅमेऱ्यासमोर धरला.



"हे माझ्या घरचं. तोंड उघडण्याची किंमत त्या शिंप्यानं आजवर एकट्यानं मोजली. आजपासून निम्मी माझी."