न उघडलेला डबा

"न्यायाचा सूर्य उशिरा उगवेल, पण उगवल्याशिवाय राहणार नाही," असं न्यायाधीशांनी वाचलं आणि कोर्टातली वीज गेली. उरलेला सूर्य त्यांनी शिपायाच्या मोबाइलच्या उजेडात वाचून काढला. सराफी पेढीवर दरोडा घालून पहारेकऱ्याला गोळी घालणाऱ्याला फाशी!

पहारेकऱ्याची बायको मालनबाई मागच्या बाकावर होती. अकरा वर्षांत त्या बाकाचा कुठला खिळा साडीला अडकतो, हेही तिला पाठ झालं होतं. सरकारी वकील लगबगीने आले. "मालनबाई, जिंकलो आपण!"

"मग ह्यांचा डबा आता मिळेल ना?"

त्या दिवशी नवऱ्याने जेवायला नेलेला स्टीलचा डबा उघडायच्या आतच दरोडा पडला होता. पंचनाम्यात तो लाखेने सीलबंद होऊन पुरावा म्हणून कोर्टाच्या कपाटात गेला. मालनबाई दर तारखेला विचारायची. निकाल लागू द्या, एवढंच उत्तर मिळायचं.

वकिलांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने घसा खाकरला. "जन्मठेप असती तर लवकर सुटला असता, मावशी. डबा, म्हणतोय मी. फाशी म्हणजे कागद हायकोर्टात, मग दिल्लीला, मग दयेचा अर्ज. तोवर मुद्देमाल हलत नाही. धरा अजून दहा वर्षं."

पोलीस आरोपीला घेऊन बाहेर निघाले होते. त्याचेही केस पांढरे झाले होते. मालनबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"बरं," ती कारकुनाला म्हणाली, "मग तेवढा घासून तरी ठेवा. आत शेपूची भाजी आहे."