दोन नऊ, एक सात
मुलाखतीच्या चाचणीतलं शेवटचं कोडं सुटेना. पडद्यावर १, ११, २१, १२११. पुढची संख्या काढणारा प्रोग्रॅम लिहा. बेरजा झाल्या, वर्ग झाले, काही जमेना. बाहेर मावशी फोनवर ओरडत होती. टेलिफोन ऑपरेटरच्या ज्या नोकरीवर तिनं मला वाढवलं, त्याच नोकरीनं तिचा एक कान नेला होता. मी कानांत कापसाचे बोळे कोंबले. तरी ऐकू आलंच, “नंबर घ्या! दोन नऊ, एक सात, तीन चार...” ९९ला ‘दोन नऊ’ म्हणायची तिची खोड. माझी बोटं थबकली. मावशीच्या तोंडून ११ म्हणजे ‘दोन एक’. आणि पडद्यावर ११च्या पुढे २१च! प्रोग्रॅमला तिच्यासारखं वाचायला शिकवलं. उत्तर बरोबर आलं. मावशीनं दार किलकिलं केलं. “त्रास झाला का गं?” बोळे काढून मी तिच्या चांगल्या कानात सांगितलं, “मावशी, अशीच ओरडत राहा!”