दारावरचा लाल टॉवेल

टेक एक.

कपाटात टांगलेल्या कपड्यांच्या मधोमध माईक. स्टुलावर लॅपटॉप. समोर जमिनीवर दोन उशा आणि उशांवर दोन मुलं. बापाने पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, हेडफोन चढवला आणि म्हणाला, "चला, हसा."

मुलं त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

थांबा. असं हसू कोणाला येतं? पुन्हा.

बापाचा धंदा आवाजाचा. घरातल्या कपाटात बसून तो लोकांसाठी पुस्तकं वाचायचा. आजचं पुस्तक मुलांचं होतं आणि त्याच्या शेवटी दोन भावंडं खळखळून हसत होती. सकाळी कंपनीच्या बाईंचा फोन आला होता. "हसू खरं हवं हं. तयार मिळतं ते नको, लगेच कळतं. संध्याकाळपर्यंत जमेल?"

"मॅडम, घरचंच दुकान आहे," तो म्हणाला होता. "दोन-दोन आहेत."

टेक दोन.

त्याने सर्दी झालेल्या राक्षसाचा आवाज काढला. मग लिफ्टमध्ये अडकलेल्या बोकडाचा. बोकड शेवटी लिफ्टमनशी भांडायला लागला, तेव्हा बापाचा हात वर लागला आणि कपाटातला दांडा निखळला. कोट, शर्ट, बायकोचा रेनकोट, सगळं हँगरसकट त्याच्या डोक्यावर कोसळलं. हे काही ठरवलेलं नव्हतं.

थोरली मिठू हसून आडवी झाली. धाकट्या भोपळ्याने शर्टाची बाही तोंडात कोंबली. दोघांचे खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी, चेहरे लालबुंद. कपड्यांच्या ढिगाऱ्यातून बाप हे बघत होता आणि मनात म्हणत होता, झालं काम.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. हँगर पडले तिथे आवाजाच्या रेघेला एक उंच टेंगूळ आलं होतं. पुढे रेघ सरळ.

त्याने वायर तपासली. माईकवर टिचकी मारली. टिचकी ऐकू आली.

"अरे, मोठ्यानं हसा की."

मिठूने डोळे पुसले. "हे मोठ्यानंच आहे, बाबा."

थांबा.

इथे टॉवेलचं सांगायला हवं. बाप कपाटात बसला की खोलीच्या दाराच्या मुठीला लाल टॉवेल लागायचा. टॉवेल म्हणजे गप्प. पाय वाजवायचे नाहीत, खुर्ची ओढायची नाही, भांडायचं झालं तर खुणांनी. मुलांनी ते इतकं छान उचललं की आलेगेले कौतुक करायचे, "घरात मुलं आहेत असं वाटतच नाही." बाप ते हसून घ्यायचा. खरं तर त्याला ते फार आवडायचं.

घड्या घातलेले कपडे पोटाशी धरून बायको दारात आली. तिने तो ढिगारा पाहिला आणि हातातल्या घड्यांकडे पाहिलं. "आता काय केलंस?"

"अगं, यांना आवाजच नाहीये. हसताना."

"नाहीच आहे. खाली खेळतात तेव्हाही असंच हसतात. तुला आज कळलं?"

"मग सांगायचंस ना मला."

"कधी सांगू? टॉवेल असतो."

ती कपडे पलंगावर ठेवून गेली. रागावून नव्हे. गॅसवर दूध होतं.

टेक तीन, की चार. कोणी मोजत नव्हतं.

"मला येतं, मी करते," मिठू म्हणाली. ती पाठ ताठ करून बसली आणि धडा वाचावा तशी म्हणाली, "हा. हा. हा. हा."

भोपळ्या घाबरला. तो उशीवरून उतरला, दारापाशी गेला आणि मुठीकडे बघून आला. टॉवेल होता. मघाशी त्यानेच लावला होता, कोणी न सांगता. त्याने ओठांवर बोट ठेवून ताईला दटावलं.

बापाने उठून टॉवेल काढला आणि स्वतःच्या खांद्यावर टाकला. "हे बघ, काढला. आता कसं हसायचंय तसं हस."

भोपळ्या शहाणा मुलगा. त्याने डोळे मिटले, दाढा दिसतील एवढं तोंड उघडलं आणि पोट धरून हसला. अगदी मनापासून. त्यातून नुसता वारा आला, फुग्याची गाठ सोडल्यासारखा. मिठू निदान पूर्वी कधीतरी मोठ्यानं हसली होती. हा टॉवेलनंतर जन्मलेला.

"आला का आवाज?" त्याने कुजबुजत विचारलं.

"आला," बाप म्हणाला.

शेवटचा टेक.

मुलांना बाहेर बसवून बापाने दांडा पुन्हा अडकवला, कपडे टांगले, आणि कपाटात तोंड खुपसून स्वतःच हसला. आधी मिठूचं. ते त्याला आठवत होतं, रांगती असतानाचं, शेवटी उचकी लागायची. मग भोपळ्याचं. त्यासाठी आठवायला काही नव्हतं. ते त्याला बनवावं लागलं. दोन्ही एकावर एक बसवली, पाठवली. कंपनीच्या बाईंचं उत्तर लगेच आलं: किती गोड! दृष्ट काढा.

त्याने फोन पालथा ठेवला आणि दार उघडलं. दोघं भिंतीला टेकून चिडीचूप बसली होती. टॉवेल त्याच्या खांद्यावर होता, तरीही.

"आम्हाला ऐकव ना," मिठू म्हणाली.

त्याने हेडफोन भोपळ्याच्या डोक्यावर ठेवला. तो घसरून गळ्यात येत होता, म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवला. भोपळ्याचे डोळे मोठे झाले. थोड्या वेळाने त्याचे खांदेही गदगदायला लागले. ऐकून झालं तेव्हा तो बापाच्या कानाशी आला.

"बाबा," तो कुजबुजला, "त्या मुलांच्या घरी टॉवेल नाही का?"